नाकावरचा आळ

सर्दी झाली की माणूस नाकात बोलतो, हे आपल्याकडे कुणी सिद्ध करायला जात नाही. ते गृहीतच असतं. फोनवर कुणाचा आवाज चोंदलेला आला की पलीकडून लगेच विचारणा होते, "काय रे, नाकात का बोलतोयस? पडसं झालं का?" याच समजुतीची पुढची पायरी अशी की, जो बारा महिने नाकात बोलतो, त्याच्या नाकातच काहीतरी बिघाड असणार. मग कुणी म्हणतं हाड वाढलंय, कुणी म्हणतं लहानपणी सर्दी मुरली, कुणी म्हणतं खोड आहे, मोठा झाला की जाईल. तिसरी पायरी प्रतिष्ठेची. तळकोकणातला किंवा गोव्यातला माणूस स्वर नाकातून सोडतो, म्हणून त्याचं बोलणं अशुद्ध. गोष्टी तीन, पण आरोपी एकच, नाक.

या तिन्ही ठिकाणी आळ चुकीच्या अवयवावर आला आहे, असं माझं म्हणणं आहे. बोलण्यात नाकाने किती भाग घ्यायचा हे नाक ठरवत नाही, टाळूचा मागचा मऊ भाग ठरवतो. हा फरक म्हणजे पंडिती काथ्याकूट समजू नये. तो ध्यानात न घेतल्यामुळे मुलांवर नको ते उपचार होतात आणि हवे ते वर्षानुवर्षं राहून जातात.

पूर्वपक्ष अगदीच निराधार आहे असंही नाही. सर्दीत नाक बिघडतं आणि त्याच दिवशी बोलणंही बिघडतं, तेव्हा एकाचं खापर दुसऱ्यावर फुटणारच. शास्त्राचा आधारही वरवर मिळतो. पाणिनीय शिक्षा या उच्चारशास्त्राच्या जुन्या ग्रंथात वर्णांची आठ स्थानं सांगितली आहेत. त्यांत छाती, कंठ, मूर्धा, जिभेचं मूळ, दात, ओठ आणि टाळू यांच्या पंक्तीला नाकही बसलं आहे. शाळेत आपण ङ, ञ, ण, न, म यांना अनुनासिकं म्हणूनच शिकतो. तेव्हा नाकातून निघणारे वर्ण आहेत, मग नाक बिघडलं की बोलणं नाकात जाणार, असा हिशेब कुणीही मांडेल.

हिशेब चुकतो तो दिशेत. पुरतं नाक चोंदलेल्या माणसाला 'नाना' म्हणायला सांगा. 'दादा'च्या जवळपासचं काहीतरी ऐकू येईल. 'मामा' म्हणायला सांगा, 'बाबा' ऐकू येईल. 'मीना' म्हणाल तर 'बीदा' होईल. वर्णमालेचा तक्ता डोळ्यांसमोर आणला की काय घडलं ते स्पष्ट दिसतं. प्रत्येक वर्गाचा पाचवा वर्ण आपल्याच ओळीतल्या तिसऱ्या वर्णाकडे घसरला आहे. म ब झाला, न द झाला, ण ड झाला. ओठ मिटायचे तिथेच मिटले, जीभ टेकायची तिथेच टेकली, कंठाचा घोषही होता. गेलं ते फक्त नाक. म्हणजे सर्दीत बोलणं नाकात शिरत नाही, ते नाकातून हद्दपार होतं. नाकात बोलण्याचा आरोप ज्याच्यावर, तो बिचारा नाकात बोलूच शकत नाही.

याची पडताळणी करायला सर्दी होण्याची वाट पाहायला नको. नाक चिमटीत घट्ट धरा आणि 'म्‌' हा आवाज लांबवा. ओठ मिटलेले, नाक मिटलेलं, हवेला जायला जागाच नाही. आवाज तिथल्या तिथे थांबतो. आता तसंच नाक धरून 'आ' म्हणा. तो खुशाल चालू राहतो आणि त्यात फारसा फरकही पडत नाही, कारण 'आ' म्हणताना हवा नाकाकडे वळलेलीच नसते. मग तिला वळवतं कोण?

जिभेचं टोक तोंडाच्या छतावर टेकवून मागे नेत गेलं तर आधी टणक भाग लागतो, मग मऊ. या मऊ भागाच्या शेवटी पडजीभ लोंबते. हा मऊ टाळू म्हणजे तोंड आणि नाक यांच्यामधलं दार आहे. तो वर उचलला जाऊन घशाच्या मागच्या भिंतीला टेकला की नाकाची वाट बंद होते आणि सगळी हवा तोंडातून बाहेर पडते. तो खाली आला की वाट उघडते. प, क, ट, स म्हणताना दार बंद, म, न, ण म्हणताना उघडं, आणि शांतपणे नाकाने श्वास घेतानाही उघडं. 'आंबा' हा साधा शब्द घ्या. त्यातला अनुस्वार म्हणजे म्, आणि त्याला लागून ब. या दोन वर्णांच्या मध्ये ओठ हलत नाहीत, ते मिटलेलेच राहतात. म् संपून ब सुरू होतो तो केवळ टाळू वर गेल्यामुळे. आपण दिवसभर हे हजारो वेळा करतो आणि आपल्याला पत्ताही नसतो.

इथे पूर्वपक्ष एक रास्त आक्षेप घेईल. सर्दीतला आवाज नाकात अडकल्यासारखा ऐकू येतो हा सगळ्यांचाच अनुभव आहे. तो काय खोटा? खोटा नाही. नाकाची पुढची बाजू बंद आणि मागचं दार उघडं असेल, तर नाकाची पोकळी एका बाजूने बंद नळी होते. आवाज तिच्यात शिरतो, बाहेर पडू शकत नाही आणि त्याला एक कोंदट छटा येते. लोकांचा कान ती छटा बरोबर पकडतो, पण तिचा अर्थ उलटा लावतो.

बाहेरून दिसणाऱ्या नाकाचा या कामाशी किती कमी संबंध आहे, हे दाखवायला इतिहासातला एक माणूस उपयोगी पडतो. इंग्रज फौजेत बैल हाकणारा कावसजी टिपूच्या हाती सापडला आणि त्याचं नाक व एक हात कापला गेला. पुढे पुण्याच्या बाजूच्या एका वीटकऱ्याने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक बसवलं. त्याची हकीकत १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासह छापून आली. जोसेफ कार्प्यू या सर्जनने १८१४ साली लंडनमध्ये त्याच पद्धतीने शस्त्रक्रिया केली आणि पाश्चात्त्य वैद्यकात नाक घडवण्याची विद्या नव्याने रुजली. कावसजीला नाक हवं होतं ते चेहऱ्यासाठी आणि इभ्रतीसाठी. म आणि न म्हणायला चेहऱ्यावरचा उंचवटा लागत नाही. आतली पोकळी शाबूत असली आणि मागचं दार चालत असलं की पुरे.

आता दुसरा रुग्ण पाहू. याचं नाक मोकळं आहे, पडसं नाही, पण बोलणं ऐकलं की मंडळी त्याला गेंगाणा म्हणतात. त्याला 'बाबा' म्हणायला सांगितलं तर 'मामा' ऐकू येतं, 'दादा' म्हणायला सांगितलं तर 'नाना'. तक्त्यावरची घसरण इथे बरोबर उलटी आहे, तिसऱ्या रकान्यातून पाचव्याकडे. प, ट, क, स यांचे तर हाल विचारू नयेत. या वर्णांना तोंडात हवेचा दाब साठवावा लागतो आणि तो नाकातून गळून जातो. मग मूल ते वर्ण घशातच दाबून काढायला शिकतं, किंवा 'स'च्या जागी नाकातून फुस्स आवाज करतं. नाकपुड्यांखाली थंड आरसा धरून त्याला 'पापा', 'काका' म्हणायला लावलं तर आरशावर वाफ धरते. निरोगी माणसाच्या 'पापा'ने आरसा कोराच राहतो. याचं दार मिटतच नाही, एवढाच याचा अर्थ.

ते न मिटण्याची कारणं नाकाबाहेरची आहेत. सर्वांत ठळक कारण म्हणजे जन्मतः दुभंगलेला टाळू. ओठ किंवा टाळू दुभंगलेलं मूल जगभरात साधारण ७०० जन्मांमागे एक, असं प्रमाण सांगितलं जातं. दुभंगलेला ओठ सगळ्यांना दिसतो आणि त्यासाठी आईने ग्रहणात विळी हातात धरली होती का, याची चौकशीही होते. टाळूचं मात्र तोंड उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. काही मुलांत तर वरचं अस्तर अखंड असतं आणि आतले स्नायूच जुळलेले नसतात. वरवर पाहणाऱ्याला टाळू धडधाकट दिसतो. खुणा असतात, पण बारीक. पडजीभ टोकाशी दोन फाट्यांची असते, तान्हेपणी दूध नाकातून आलेलं असतं. टाळू शिवण्याची शस्त्रक्रिया बहुतेक ठिकाणी ९ ते १८ महिन्यांच्या वयात करतात, म्हणजे मूल वाक्यं बोलू लागण्याच्या सुमारास दार कामाला लागलेलं असतं. मोठा झाला की सुधारेल म्हणून थांबलेल्या घरांत ही वेळ हातची जाते. मूल सुधारतं ते त्याला जमणाऱ्या चुकीच्या वर्णांमध्ये पटाईत होऊन.

मोठ्या माणसांतही हे दार अचानक निकामी होऊ शकतं. घटसर्पातून उठलेल्या रुग्णाचा टाळू लुळा पडतो, आवाज गेंगाणा होतो आणि पाणी पिताना ते नाकातून येतं, हे जुन्या डॉक्टरांना चांगलं ठाऊक होतं. मेंदूच्या आणि स्नायूंच्या काही आजारांची पहिली चाहूलही अशीच लागते. चांगलं बोलणाऱ्या माणसाचं बोलणं एकाएकी नाकात जाऊ लागलं आणि घोट नाकात येऊ लागला, तर वाफारा घेत बसण्यात वेळ घालवू नये.

म्हणजे लोकभाषेतल्या एकाच 'नाकात बोलण्या'खाली दोन दुखणी आहेत आणि ती एकमेकांच्या विरुद्ध आहेत. एकात वाट बंद आहे, दुसऱ्यात ती बंदच होत नाही. एकाचा उपाय दुसऱ्याला केला तर काय होतं, हे ॲडेनॉइडच्या उदाहरणात दिसतं. नाकाच्या मागे, घशाच्या छताला असलेली ही गाठ लहान मुलांत वाढते आणि नाकाची मागची वाट अडवते. १८६८ साली कोपनहेगनच्या विल्हेल्म मेयर यांनी मंद ऐकू येणं, तोंडाने श्वास घेणं आणि अनुनासिकं हरवलेलं बोलणं यांचं मूळ या एकाच गाठीत असल्याचं दाखवलं. तोवर अशी मुलं जन्माचीच मंद समजली जात. आजही वर्गात तोंड उघडं टाकून बसणारा, हाक मारली तरी न वळणारा, रात्री घोरणारा आणि 'मामा'ला 'बाबा' म्हणणारा मुलगा आपण मठ्ठ ठरवून मोकळे होतो. कानात पाणी साठल्यामुळे त्याला नीट ऐकूच येत नसतं. अशा मुलाला गाठ काढल्याचा खरोखर फायदा होतो.

पण गाठ दुसऱ्या एका मुलाच्या उपयोगाची असते. ज्याचा टाळू आखूड आहे किंवा आतून दुभंगलेला आहे, त्याचा टाळू मागच्या भिंतीपर्यंत पोचत नाही, तो या वाढलेल्या गाठीला टेकून कसाबसा दार मिटतो. 'नाकात बोलतो ना, मग काढून टाका गाठ' म्हणून ती काढली की टेकायला काही उरत नाही, आणि आधी थोडा गेंगाणा असलेला मुलगा पुरता गेंगाणा होतो. म्हणून जाणते कान-नाक-घसा तज्ज्ञ ॲडेनॉइडची शस्त्रक्रिया ठरवण्याआधी तोंड उघडायला लावून पडजीभ पाहतात, टाळूवरून बोट फिरवतात. बोलण्याची तक्रार घेऊन नाकाचा एक्स-रे काढणं पुरेसं नसतं, ते याचसाठी.

घरगुती सल्ल्यांतला एक लाडका सल्लाही इथे निकालात काढायला हवा. टाळू बळकट व्हावा म्हणून मुलाला फुगे फुगवायला द्या, शिट्टी वाजवायला द्या, शंख फुंकायला लावा. ऐकायला पटतं, पण फुंकताना टाळू मिटण्याची तऱ्हा आणि बोलताना मिटण्याची तऱ्हा एक नाही. फुगे फुगवण्यात तरबेज झालेलं मूल 'पापा' म्हणताना पूर्वीइतकंच गळतं राहू शकतं. बोलणं सुधारायचं तर सराव बोलण्याचाच हवा आणि तो वाचा-उपचार तज्ज्ञाच्या देखरेखीखाली. जिथे दार मुळातच अपुरं आहे तिथे आधी शस्त्रक्रिया हवी. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था १९६५ पासून आणि मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ पासून या विद्येचं शिक्षण देत आहेत. तरीही गावाकडच्या घरात सल्ला मिळतो तो फुग्यांचाच.

आता 'हाड वाढलंय'बद्दल. नाकात हाड असं वाढत नाही. दोन नाकपुड्यांमधला पडदा कूर्चा आणि हाड मिळून झालेला असतो आणि तो थोडाफार वाकडा असणं अगदी सर्रास आढळतं. बाजूच्या भिंतींवर मांसल वळकट्या असतात, त्या सुजतात. रात्री कुशीवर झोपलं की एक बाजू बंद होते आणि थोड्या वेळाने दुसरी, अशी तक्रार घेऊन हाड कापायला निघालेले लोक असतात. पण आळीपाळीने एक नाकपुडी थोडी मिटते आणि दुसरी मोकळी होते, हा निसर्गाचाच क्रम आहे. रिखार्ड कायझर यांनी १८९५ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, आणि आपल्या स्वरशास्त्राने डावा-उजवा स्वर म्हणून तो फार पूर्वीच टिपला होता. स्वरावरून लढाईचा निकाल सांगण्यापर्यंत ते शास्त्र गेलं, तो भाग सोडून द्यावा. निरीक्षण मात्र खरं होतं. चोंदलेपणा मोडायला औषधाच्या दुकानातून आणलेले थेंब आठवड्याहून अधिक घातले, तर त्या थेंबांनीच नाक पुन्हा चोंदू लागतं आणि वाढलेल्या हाडाचा पुरावा घरबसल्या तयार होतो.

राहिला अशुद्धतेचा मुद्दा. कोकणी बोलणारा माणूस 'ताका' म्हणतो तेव्हा एकाला द्यायचं असतं, 'तांकां' म्हणतो तेव्हा अनेकांना. अर्थाचा सगळा भार स्वराच्या नाकातून जाण्यावर आहे. हिंदीतल्या 'है' आणि 'हैं' मध्येही तेच. दार कधी किती उघडायचं याचं इतकं काटेकोर नियंत्रण ज्याच्यापाशी आहे, त्याला नाकात बोलण्याचा दोष कसा लावायचा? गेंगाण्या माणसाला दार मिटता येत नाही, कोकणी माणूस ते ठरवून उघडतो. देशावरच्या मराठीने ही सवय बरीचशी सोडली. १९६२ च्या लेखन-नियमांनी उच्चारात न उरलेले 'नांव', 'पांच', 'कांहीं' यांवरचे अनुस्वार काढले, ते लिहिणाऱ्यांच्या सोयीचंच झालं. पण त्यातून जिथे स्वर अजूनही नाकातून जातो ते बोलणं खालच्या दर्जाचं, असा निष्कर्ष निघत नाही. जुने शिक्षाकार तर बरोबर उलट्या बाजूला उभे आहेत. सानुनासिक स्वर कसा म्हणावा याचा नमुना म्हणून पाणिनीय शिक्षा सौराष्ट्रातल्या बाईने उच्चारलेला ताक या अर्थाचा शब्द पुढे करते. वेदपठण करणाऱ्याने एका साध्या बाईकडून उच्चार शिकावा, यात त्या ग्रंथकाराला काही कमीपणा वाटला नाही.

आणि व्याकरण नाकाला दोषी धरतं, हाही गैरसमजच. पाणिनीने अनुनासिकाची व्याख्या करताना मुख आणि नासिका या दोहोंचं नाव घेतलं. पाणिनीच्या सूत्रांवर 'काशिका' ही टीका लिहिणाऱ्यांनी त्यावर प्रश्न उभा केला की दोन्ही कशाला? नुसतं नाक म्हटलं असतं तर ती संज्ञा अनुस्वारालाच लागू पडली असती, आणि नाक वगळलं असतं तर क, च, ट, त, प यांनाही ती लागली असती. याचा अर्थ, अनुनासिक हा तोंड आणि नाक यांचा एकत्र व्यवहार आहे, एकट्या नाकाचा कधीच नव्हता, हे व्याकरणकारांना पक्कं ठाऊक होतं. आळ आपण मागाहून घातला.

मग नाकाचं स्वतःचं काम कोणतं? ते मुख्यतः श्वासाचं आहे, आणि तिथे मात्र तोंड त्याची जागा घेऊ शकत नाही. थंड, कोरडी, धुळीची हवा घशापर्यंतच्या बोटभर प्रवासात ऊबदार, ओलसर आणि बरीचशी स्वच्छ होते. शेंबूड म्हणून ज्याची किळस वाटते तो चिकट थर धूळ आणि जंतू पकडतो आणि सूक्ष्म केसांच्या लाटांवर सतत मागे सरकत राहतो. डॉक्टर सॅकरिनचा एक कण नाकात पुढच्या बाजूला ठेवून पाहतात. निरोगी नाकात साधारण २० मिनिटांच्या आत त्याची गोडी घशाला जाणवते, इतका हा थर चालता असतो. नाकाभोवतीच्या पोकळ्यांत नायट्रिक ऑक्साइड वायू तयार होतो. ओठ मिटून गुणगुणताना नाकातून बाहेर येणारा हा वायू शांत उच्छ्वासाच्या सुमारे १५ पट होतो, असं वाइट्सबर्ग आणि लुंडबर्ग या स्वीडिश संशोधकांनी २००२ साली मोजलं. त्यावरून भ्रामरीने सायनस बरा होतो असं सांगत सुटणं घाईचं होईल. गुणगुणण्याने पोकळ्यांतली हवा खेळती होते, इतकंच त्यातून ठरतं. जलनेतीचंही तसंच. नाक धुणं उपयोगी आहे, पण पाणी उकळून गार केलेलं हवं. नळाच्या पाण्याने नेती करणाऱ्या दोघांचा २०११ साली अमेरिकेतल्या लुइझियानात मेंदूत अमीबा जाऊन मृत्यू झाला होता.

तेव्हा यापुढे कुणी 'आमचा बंड्या नाकात बोलतो' अशी तक्रार घेऊन आलं तर नाकाकडे पाहण्याआधी त्याला चार शब्द बोलायला लावावेत: मामा, नाना, बाबा, दादा. पहिले दोन बिघडत असतील तर वाट कुठेतरी अडली आहे, ती मोकळी करणाऱ्याकडे न्यावं. पुढचे दोन बिघडत असतील तर दार मिटत नाही, टाळू पाहणाऱ्याकडे न्यावं, आणि गाठ काढण्याची घाई तर मुळीच करू नये. आणि चारही शब्द खणखणीत येत असून फक्त स्वर थोडे नाकातून जात असतील, तर मुलगा बहुधा आजोळी राहून आला आहे. त्याला कुठेही न्यायचं कारण नाही.